ग्रंथ वाचा, नियतकालिके जगवा

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या मंगल दिनी विचार करायला लावणारी पुस्तके आणि स्वतंत्र नियतकालिके या विषयावर चार शब्द बोलावेत, असा आग्रह संयोजकांनी धरला. विषय ऐकून काही जणांना वाटले असेल की, हा कॉलेजातल्या प्राध्यापकांचा विषय, आपण पाळी संपवून आलेली माणसे, आपल्याला यातले काय? पण बंधू-भगिनींनो, हा विषय आपल्या या पट्ट्यातच, आपल्या दारात जन्मलेला आहे. म्हणून सुरुवात आपल्या शेजारच्या देहूरोडपासून करू या.

२५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. रंगूनहून आलेली ती मूर्ती. आपण दरवर्षी त्या दिवशी तिथे जातो, वंदना घेतो, मुलाबाळांना दाखवतो. परंतु त्या दिवशी बाबासाहेबांनी तिथल्या सभेत आणखी एक गोष्ट सांगितली, ती आपल्या बोलण्यात फारशी येत नाही. साध्या माणसाला समजेल अशा भाषेत आपण बुद्धाच्या शिकवणुकीवर एक ग्रंथ लिहीत आहोत, तो पुरा व्हायला वर्षभर लागेल आणि तो पुरा झाल्यावर आपण बौद्ध धम्म स्वीकारू, असे त्यांनी लोकांना सांगितले. म्हणजे काय झाले ते बघा. मूर्ती बसवली त्याच सभेत ग्रंथाची घोषणा झाली. आधी ग्रंथ, मग दीक्षा, असा क्रम बाबासाहेबांनी स्वतःसाठी ठरवला होता.

तारीखही ध्यानात घेण्यासारखी आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले होते. बरोबर सत्तावीस वर्षांनी, त्याच तारखेला, आपल्या देहूरोडला नव्या ग्रंथाची वार्ता मिळाली. ज्या ग्रंथाने माणसाला माणूस मानले नाही तो नाकारला, आणि माणसाला माणूस मानणारा ग्रंथ स्वतः लिहायला घेतला. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. ५ डिसेंबरच्या त्या शेवटच्या रात्रीसुद्धा बाबासाहेबांच्या हाताशी याच ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद होते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' इंग्रजीत प्रसिद्ध झाला तो १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर. मराठीत तो घनश्याम तळवटकर, म. भि. चिटणीस आणि शां. शं. रेगे यांनी आणला.

आणखी एक योगायोग सांगतो. त्याच १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषध कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये एमआयडीसी आली, एकामागून एक कारखाने उभे राहिले. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा, सोलापूर, नगरकडची आपली माणसे पोटासाठी इकडे आली. पुढे चाकणचे माळ भरले. कारखान्याने आपल्याला भाकरी दिली आणि विहाराने मान दिला. पण मान टिकवायचा असेल तर डोके चालते ठेवावे लागते, आणि डोक्याचे खाद्य पुस्तकात आहे.

आता कोणी म्हणेल, एका पुस्तकाने असा काय मोठा फरक पडतो? दोन उदाहरणे देतो.

गोव्यातल्या साखवाळ गावी १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी. शाळा अर्धवट राहिलेली, घरी नारळ-शेतीचा व्याप. त्यांच्या हाती 'बालबोध' नावाचे मुलांचे मराठी मासिक पडले. त्यात बुद्धाचे चरित्र होते. ते वाचून या तरुणाच्या मनाने असा ठाव घेतला की, घर सोडून पुण्याला, काशीला, नेपाळला आणि शेवटी सिंहलद्वीपाला जाऊन तो पाली शिकला. मराठी माणसाला मूळ पालीतून बुद्ध समजला तो कोसंबींमुळे. आणि याचा उगम कुठे? लहान मुलांच्या एका मासिकाच्या अंकात.

दुसरे उदाहरण आपल्या सर्वांना ठाऊक आहे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्काराच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले 'गौतम बुद्धाचे चरित्र' त्यांना भेट दिले. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा गुरुजींनी आधीच हेरला होता. बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे की, बुद्धाकडे वळण्याची सुरुवात त्या पुस्तकाने झाली. १९०७ ते १९५६, म्हणजे एकोणपन्नास वर्षे ते बी जमिनीत होते. आपण मुलाला दहावीला पेढे देतो, मोबाईल घेऊन देतो, द्यावेत. पण केळुसकर गुरुजींनी काय दिले होते, त्याचीही आठवण असू द्या.

आपल्या समाजात पुस्तके विकत घेतली जात नाहीत असे कोणी म्हटले, तर आम्ही ते मान्य करणार नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जेवढी पुस्तके विकली जातात तेवढी कुठल्याही साहित्य संमेलनाला हेवा वाटावा अशी असतात. पोटाला चिमटा काढून, वडापाव खाऊन माणसे पिशवीभर पुस्तके घेऊन येतात. ही आपली थोर परंपरा आहे. अडचण त्यापुढची आहे. पिशवी घरी येते, पुस्तके काचेच्या कपाटात बाबासाहेबांच्या फोटोखाली लागतात आणि तिथेच राहतात. पुस्तकाला हार घातला जातो, पान उलटले जात नाही. बाबासाहेब ज्या गोष्टीच्या विरुद्ध जन्मभर लढले, ती म्हणजे न वाचता पूजा. ती आपल्या कपाटात शिरू नये एवढेच आमचे म्हणणे आहे.

पुस्तक एकदा घेतले की झाले. नियतकालिकाचे तसे नसते. ते दर आठवड्याला, दर महिन्याला दारात येते. काल काय घडले आणि त्याचा अर्थ काय, हे विचारते. आणि त्याच्या जगण्याची जबाबदारी वाचकावर असते. म्हणून आज आम्हाला पुस्तकांइतकेच नियतकालिकांविषयी बोलायचे आहे.

या परंपरेची सुरुवात पुण्यातच झाली. १ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधू' हे पत्र काढले. सत्यशोधक चळवळीचे, शूद्रातिशूद्रांचा आवाज मांडणारे ते पत्र. पैशांअभावी पुण्यात ते चालेना. मग १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईला नेले. हेच लोखंडे गिरणी कामगारांचे पहिले पुढारी. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १० जून १८९० पासून कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. आपल्या भोसरी-पिंपरीकडे बऱ्याच कंपन्यांना ती गुरुवारी असते एवढाच फरक. मित्रहो, आठवड्याची सुट्टी मिळवून देणारा माणूस एक पत्र चालवत होता, हे विसरू नका. सुट्टी आणि वाचन यांचे नाते तेव्हापासूनचे आहे.

याच 'दीनबंधू'ची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्याची सुरुवातीची प्रकरणे लोखंड्यांनी छापली आणि मग छापणे थांबवले. ज्योतिराव त्यांच्यावर चिडले, आपलेच संपादक भित्रे निघाले म्हणून त्यांनी बोल लावला. लोखंडे मोठेच होते, पण मोठ्या माणसाच्या हातूनही असे घडते. यातून आपण एक शिकायचे की, पत्र आपल्या माणसाचे आहे एवढ्याने ते निर्भय होत नाही.

मग आला 'मूकनायक'. ३१ जानेवारी १९२०. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. पैसे घेऊन जाहिरात छापा म्हटले तरी 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात छापली नाही, ही हकीकत बाबासाहेबांनीच नमूद केली आहे. त्याच वर्षी ते शिक्षणासाठी लंडनला गेले आणि १९२३ पर्यंत ते पत्र बंद पडले. नंतर ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' निघाले. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला जेमतेम दोन आठवडे झाले होते. या पत्राचे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेब एकटे भरून काढत. बॅरिस्टर माणूस, विलायतेचा डॉक्टर, पण लेखही त्यांनीच लिहायचा, स्फुटेही त्यांनीच लिहायची, आणि मोबदला एक पैचा नाही.

इथे आपल्या परिसरासाठी अभिमानाची एक गोष्ट आहे. 'मूकनायक'च्या शिरोभागी संत तुकारामांचा अभंग होता आणि 'बहिष्कृत भारत'च्या शिरोभागी ज्ञानेश्वरांच्या ओव्या होत्या. म्हणजे एक देहूचे आणि एक आळंदीचे. दोन्ही गावे आपल्या बसच्या टप्प्यातली. इतरांच्या ग्रंथांतले जे मानवतेचे आहे ते घ्यायला बाबासाहेबांनी संकोच केला नाही, आणि जे अमानुष आहे ते जाळायलाही कचरले नाहीत. वाचणारा माणूस असाच निवड करतो.

आणि आता मूळ मुद्द्यावर येतो. 'बहिष्कृत भारत' नोव्हेंबर १९२९ मध्ये बंद पडले. विचार संपले होते म्हणून का? नाही. लेखणी थकली होती म्हणून का? मुळीच नाही. वर्गणी येत नव्हती. 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' अशा मथळ्याचा लेख लिहून बाबासाहेबांना आपल्याच लोकांना विचारावे लागले. बंधू-भगिनींनो, हा मथळा आम्हाला अजून टोचतो. त्या काळी आपली माणसे गावकीत, गिरणीत, गोदीत राबत होती, अक्षरओळख फार थोड्यांना होती. त्यांना दोष कसा देणार? पण आज आपल्या घरात पगार येतो, मुले इंजिनिअर आहेत, दाराशी गाडी आहे. आज तोच प्रश्न कोणी विचारला तर आपण काय सांगणार?

पुढे १९३० मध्ये 'जनता' निघाले आणि ४ फेब्रुवारी १९५६ रोजी त्याचेच 'प्रबुद्ध भारत' झाले. नावे बघा कशी बदलत गेली. मूक, मग बहिष्कृत, मग जनता, मग प्रबुद्ध. आपल्या समाजाचा सगळा प्रवास या चार नावांत आहे.

बाबासाहेबांच्या नंतर ही परंपरा थांबली नाही. औरंगाबादला डॉ. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' त्रैमासिक चालवले. दलित साहित्यातील दोन-तीन पिढ्या त्या अंकांतून लिहित्या झाल्या. खेड्यातल्या शिक्षकाची, वसतिगृहातल्या मुलाची कविता तिथे छापली जायची. २०१८ मध्ये सर गेले. एका माणसाच्या हिमतीवर एवढी वर्षे पत्रिका कशी चालली असेल, याचा विचार त्यांचे जुने अंक चाळताना मनात येतो. पुण्यात विलास वाघ आणि उषाताई वाघ यांनी 'सुगावा' मासिक आणि सुगावा प्रकाशन चालवले, परवडतील अशी पुस्तके काढली. वाघ सर २०२१ मध्ये गेले. ही माणसे मोठ्या पदावर नव्हती, पण त्यांनी आपल्या कपाटात पुस्तक पोहोचवले.

साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेल्या 'साधना' साप्ताहिकाचेही नाव घेतले पाहिजे. १५ ऑगस्ट १९७२ ला, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात, 'साधना'ने एक विशेषांक काढला. त्यात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख छापला आणि महाराष्ट्रभर वादळ उठले. लेख पटो न पटो, दलितांवरच्या अत्याचारावर देश बोलू लागला. एका साप्ताहिकाच्या काही पानांनी ते केले. त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली आणि त्याच वर्षी नामदेव ढसाळ यांचे 'गोलपिठा' आले. ढसाळ कुठले? आपल्या खेड तालुक्यातल्या पूर-कनेरसरचे. आज चाकणला जाणाऱ्या पोरांना सांगा की, तुमच्या कंपनीच्या तालुक्यातला हा कवी जगातल्या अनेक भाषांत वाचला जातो.

आणि भगिनींनो, ही परंपरा पुरुषांची आहे असे समजू नका. १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे नावाच्या मातंग मुलीचा निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी. वय चौदाच्या आसपास. आपल्या समाजातल्या मुलीने सत्तेला आणि धर्माला छापील प्रश्न विचारला, त्याला पावणेदोनशे वर्षे होत आली. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकान चालवायच्या. पुड्या बांधायची रद्दी वाचत वाचत त्यांचे वाचन वाढले. स्वतःचे लिखाण मात्र त्यांनी कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. शेवटी 'जिणं आमुचं' हे 'स्त्री' मासिकात क्रमशः छापले गेले आणि मग त्याचे पुस्तक झाले. मासिक नसते तर ते कागद दुकानातच राहिले असते. आपल्या वस्तीतही अशा वह्या कुठे ट्रंकेत असतील. त्या छापणारे कोणी उरले पाहिजे, म्हणून स्वतंत्र नियतकालिके जगली पाहिजेत.

आता प्रत्यक्ष काय वाचावे ते सांगतो. ही काही परीक्षेची यादी नाही. ज्याने त्याने आपल्या सोयीने घ्यावे.

ज्यांना सलग वाचायची सवय नाही, त्यांनी आत्मकथनापासून सुरुवात करावी. दया पवारांचे 'बलुतं', लक्ष्मण माने यांचे 'उपरा', शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा', ऊर्मिला पवार यांचे 'आयदान'. ही पुस्तके वाचताना आजीला, आईला विचारा, तुमच्याकडे असे होते का? एक पुस्तक घरात चार गोष्टी बाहेर काढते. वसंत मून यांचे 'वस्ती' तरुणांनी जरूर वाचावे. नागपूरच्या एका वस्तीने वाचनालये, आखाडे, सभा यांतून स्वतःला कसे घडवले ते त्यात आहे. आपल्या वस्तीला त्यातून पुष्कळ घेता येईल.

महिला मंडळाने 'आम्हीही इतिहास घडवला' हे ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे १९८९ सालचे पुस्तक सामूहिक वाचनाला घ्यावे. आंबेडकरी चळवळीत स्त्रियांनी काय काय केले, ते गावोगाव जाऊन, त्या बायांना भेटून या दोघींनी गोळा केले. त्याच्या जोडीला ताराबाई शिंदे यांचा १८८२ सालचा 'स्त्रीपुरुष तुलना' हा निबंध. तो भाऊजींनी, दाजींनीही वाचायला हरकत नाही, थोडा तिखट लागेल.

धम्म समजून घ्यायचा तर 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' आहेच. त्याला जोड म्हणून कोसंबींचे 'भगवान बुद्ध' आणि आ. ह. साळुंखे यांचे 'सर्वोत्तम भूमिपुत्र : गोतम बुद्ध' घ्या. तिन्ही पुस्तकांत काही ठिकाणी मते जुळत नाहीत. सिद्धार्थाने घर का सोडले, एवढा एकच प्रश्न घेऊन तिन्ही वाचा. बाबासाहेबांनी रोहिणी नदीच्या पाण्याचा शाक्य-कोलियांचा तंटा पुढे आणला. असे का केले असेल, यावर एक अख्खा रविवार चर्चा होऊ शकते.

कॉलेजच्या मुलांनी 'जातिसंस्थेचे निर्मूलन' हातात घ्यावे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ मध्ये बोलावले, भाषण आधी वाचले, घाबरले आणि परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते स्वतःच्या खर्चाने छापले आणि दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. जे भाषण झालेच नाही, ते आज जगभर वाचले जाते. गोविंद पानसरे यांची 'शिवाजी कोण होता?' ही छोटी पुस्तिकाही अशीच एका भाषणातून झाली. एका पाळीच्या बस प्रवासात निम्मी वाचून होते. आणि अधिक खोलात जायचे असेल तर चां. भ. खैरमोडे यांचे चरित्रखंड आणि रावसाहेब कसबे यांचे 'आंबेडकर आणि मार्क्स'.

शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड काढले. वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. हे खंड पुष्कळदा मिळत नाहीत, छपाई रखडते. २०२१ मध्ये तर मुंबई उच्च न्यायालयाला याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. म्हणून ज्या घरात एखादा खंड आहे, त्या घराने तो विहाराला वाचायला द्यावा. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत'चे जुने अंकही शासनाने १९९० मध्ये एकत्र छापले आहेत.

नियतकालिकांपैकी 'साधना' घ्या. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्याचे संपादक होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, आणि तरीही अंक निघत राहिला. त्यांच्या चळवळीचे 'अंधश्रद्धा निर्मूलन वार्तापत्र' घ्या, कारण बुवाबाजीचा फेरा आपल्याही घरांना चुकलेला नाही. 'स्त्री'च्या संपादक राहिलेल्या विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये 'मिळून साऱ्याजणी' सुरू केले, ते बायकांनी आणि पुरुषांनी मिळून वाचण्यासारखे आहे. नागपूरला दि. य. देशपांडे यांनी १९९० मध्ये काढलेला 'आजचा सुधारक' विवेकवादाचे मासिक म्हणून नावाजला. त्याचा छापील अंक थांबला, पण तरुणांना तो संगणकावर वाचता येतो.

आता, एखादे नियतकालिक स्वतंत्र आहे की नाही हे कसे ओळखायचे? आम्ही चार साधे प्रश्न विचारतो. पहिला, याचा खर्च कोण करतो? वर्गणीदार करतात की एखादा पुढारी, बिल्डर? दुसरा, संपादकाचे नाव आणि पत्ता छापलेला आहे का? तिसरा, न पटणाऱ्या वाचकाचे पत्र छापतात का? आणि चौथा, आपल्याच बाजूच्या माणसाला ते कधी जाब विचारतात का? 'असूड'ची गोष्ट इथे आठवा. हे चार प्रश्न आपल्या समाजातल्या पत्रांनाही लावायचे.

हेच मोबाईलवर येणाऱ्या मजकुरालाही लावायचे. बाबासाहेबांचा फोटो आणि खाली एक वाक्य, असे रोज कितीतरी येते. त्यातली काही वाक्ये बाबासाहेबांची नसतातच. आपण पुढे पाठवतो आणि दुसऱ्या दिवशी विरोधक विचारतो, हे कुठे लिहिले आहे? तेव्हा आपली मान खाली जाते. म्हणून घराघरांत एक शिस्त लावा. वाक्य आले की विचारा, खंड कोणता, पान कोणते? सांगता आले नाही तर पुढे पाठवायचे नाही.

ही शिकवण नवी नाही. केसपुत्त गावच्या कालामांनी भगवान बुद्धांना विचारले होते, येणारा प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो, आम्ही कोणाचे धरावे? भगवंतांनी सांगितले की, ऐकीव आहे म्हणून, परंपरेचे आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा आपला गुरू सांगतो म्हणून धरू नका. स्वतः पारखा, त्यातून कोणाचे हित होते, कोणाचे अहित होते ते बघा. जगातल्या कुठल्या धर्मसंस्थापकाने अनुयायांना एवढी मोकळीक दिली असेल? मग आम्ही सांगितलेली यादीसुद्धा पारखूनच घ्या.

कोणी म्हणेल, वाचून पोट भरते का? चाकणला बारा-बारा तास उभे राहणाऱ्या कंत्राटी पोराला काय वाचन सांगता? आम्ही म्हणतो, त्यालाच आधी सांगायचे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, एकोणतीस जुने कायदे त्यांत गेले. ठरावीक मुदतीची नेमणूक म्हणजे काय, त्यात ग्रॅच्युइटीचा हक्क कसा आहे, संप करायचा तर किती दिवस आधी नोटीस द्यायची, हे त्या पोराला कोण सांगणार? वर्तमानपत्रात एक दिवस मथळा येतो आणि जातो. त्यावर दहा पाने खर्चून, दोन्ही बाजू मांडून समजावणारे नियतकालिकच असते. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. आठवड्याचे कामाचे तास कमी करण्यात त्यांचा हात होता. त्यांच्या लेकरांनी आपल्या नेमणूकपत्रातले बारीक अक्षर न वाचता सही करावी, हे शोभत नाही.

शेवटी काही सूचना करून थांबतो.

एक. आपल्या विहारातून वर्षाला चार नियतकालिकांची वर्गणी भरावी. जयंतीला आपण साउंडवर जो खर्च करतो, त्याचा लहानसा भाग त्याला पुरेल. ही वर्गणी म्हणजे दानच आहे, असे समजा. अंक विहारात पडून राहू नये. एका गल्लीने आठवडाभर वाचावा आणि पुढच्या गल्लीला द्यावा.

दोन. दर गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी वंदनेनंतर एक तास सामूहिक वाचन ठेवावे. एकाने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे, आणि ज्याला न पटेल त्याने आधी बोलायचे. ज्या आजींना अक्षर येत नाही, त्यांना पुढच्या रांगेत बसवा. त्यांच्याजवळ पुस्तकात नसलेली पाने आहेत.

तीन. वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' आपण वाचतोच. या वर्षी तो वाचून झाल्यावर प्रत्येक घराने एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून आणावा. भन्तेजी आणि जाणकार मंडळी त्यावर चर्चा करतील.

चार. दहावी-बारावी झालेल्या प्रत्येक मुला-मुलीला विहारातर्फे एक पुस्तक द्यावे, आणि देणाऱ्याने ते आधी स्वतः वाचलेले असावे. केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले दिले होते, आपण निदान स्वतः वाचलेले देऊ.

आणि पाचवी सूचना तरुणांसाठी. नुसते वाचू नका, लिहा. या स्मरणिकेची पाने दरवर्षी जाहिरातींनी भरतात. पुढच्या वर्षी त्यांतली दहा पाने तुमच्या लेखांसाठी मोकळी ठेवावीत, अशी विनंती आम्ही संपादक मंडळाला आजच करून ठेवतो. कारखान्यात काय चालते, भाड्याच्या खोलीला नाव विचारून नकार कसा मिळतो, आईने तुम्हाला कसे शिकवले, हे तुमच्याशिवाय कोणी लिहिणार नाही.

बाबासाहेबांनी विचारलेला ऋणाचा प्रश्न अजून उभा आहे. त्याचे उत्तर भाषणाने देता येणार नाही, वर्गणीच्या पावतीने आणि वाचून मळलेल्या पानांनी देता येईल. पुढच्या वर्धापनदिनाला विहाराच्या कपाटातली पुस्तके थोडी फाटलेली, कोपरे दुमडलेली दिसोत, अशी मंगल कामना व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.

जयभीम! नमो बुद्धाय!